माजघरातली केबल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवरच सांगणार होते, पण जीभ रेटली नाही. श्टुटगार्टची नोकरी मी अजून दोन वर्षं वाढवून घेतलीय. तसं कळवूनही टाकलंय. पगारासाठी नाही गं आई. ईरा आत्ता कुठे शाळेत रुळलीय, मध्येच उचलली तर तिचं वर्ष जाईल. घराचे हप्तेही आहेतच. गणपतीला दहा दिवस येतेय, तिकिटं काढून झालीत.

पण मागचा रविवार मनातून जात नाही. तू काहीतरी सांगत होतीस आणि पडद्यावर तुझा चेहरा तसाच थिजला, हात पदराशी. मला वाटलं, भाजीचं सांगत असशील. तुला चक्कर आल्याचं बुधवारी शेजारच्या काकूंकडून कळलं. राउटर ओसरीवर, तुम्ही माजघरात आणि मध्ये दोन हात जाडीची दगडी भिंत. वायफाय पोचणार कसं?

म्हणून वायरमनला शनिवारी बोलावलंय. बाबा, भिंतीला भोक पाडणार नाही तो. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून केबल आत येईल, आपला काडेपेटीचा फोन यायचा तिथूनच. तुम्ही ओसरीवर, मी पिंपामागे. "दोरा ताठ धर, बेबी, नाहीतर ऐकू येणार नाही!" ही केबल मात्र ताठ ओढू देऊ नका. वळणावर सैल सोडायची आणि लाइटच्या वायरीसोबत एका पट्टीत बांधायची नाही. वीस मीटरची मागवलीय, शंभरापर्यंत चालते. आपल्या लॅपटॉपला लॅन पोर्ट नाही, म्हणून छोटा अडॅप्टर पाठवलाय. टोकाची क्लिप टक वाजेपर्यंत आत दाबायची. शेजारचा बारीक दिवा लुकलुकला की झालं.

आता टीव्ही. तो आधी चालू करून स्क्रीन मिररिंगवर ठेवायचा. मग लॅपटॉपवर विंडोजच्या खुणेचं बटण धरून 'के' दाबायचं, यादीत टीव्हीचं नाव येईल. टीव्हीनं परवानगी विचारली तर रिमोटवरून हो म्हणायचं. आणि बाबा, केबल लावली म्हणून लॅपटॉपचं वायफाय बंद करायचं नाही! इंटरनेट केबलनं येतं, पण टीव्हीकडे चित्र वायफायनंच जातं. दोन्ही एकाच खोलीत, त्यामुळे तिथे भिंतीची अडचण नाही. कॅमेरा लॅपटॉपलाच आहे, तेव्हा तो टीव्हीखालच्या स्टुलावर ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत डोळे बारीक करून बघायला नको. ईराचे पडलेले दात आरामखुर्चीतूनच दिसतील.

आई, शुक्रवारी उपाशीपोटी साखर तपासून घे. चक्कर आली तर त्याच दिवशी मला सांगायचं, रात्र असली तरी. वायरमनची शिडी बाबांनी धरायची नाही, तो माणूस घेऊन येईल.

रविवारी साडेसातला मी समोर असेन. माझा आवाज नीट यावा म्हणून तुम्ही पंखा बंद करता, ते मला माहितीये. आता करू नका, उकडतं तुम्हाला.

तुमची,
बेबी