आधी पेटी, मग शाल-श्रीफळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांस्कृतिक देवाणघेवाणीत तालुक्याच्या गावातल्या एखाद्या तरुण चित्रकाराचे परदेशात एकल प्रदर्शन ठरले की चौकात फलक लागतात, सत्काराची तारीख निघते. आनंदाचीच गोष्ट आहे. पण निमंत्रणपत्र नीट वाचले तर त्यात अनेकदा कलावंताचे विमानभाडे, राहण्याची सोय आणि दालन एवढेच असते. चित्रांची पेटी, तिचे जाण्यायेण्याचे भाडे, विमा, कस्टमचे कागद याबद्दल एक अक्षर नसते, आणि प्रदर्शन अडते ते नेमके तिथे. गावाने जमवलेली वर्गणी आधी पेटीला लागावी; सत्कार परत आल्यावरही करता येतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विदर्भातल्या नव्या मुलामुलींच्या कामात गावचेच साहित्य येऊ लागले आहे: पऱ्हाटी (कापसाच्या झाडाच्या काड्या), कापसाची बोंडे, काळी माती, बारदाना, बांबूचा तट्टा, कोसा. काम खणखणीत असते. पण सीमेवरचा तपासनीस यातल्या निम्म्या वस्तूंकडे कला म्हणून पाहत नाही, शेतमाल म्हणून पाहतो. बोंडात सरकी राहिली असेल तर त्याच्या लेखी ते बियाणे. गुलाबी बोंडअळी दोन सरक्या जोडून आत सुप्तावस्थेत महिनोन्‌महिने राहते, म्हणूनच पऱ्हाटीचे ढीग घराजवळ ठेवू नका असे आपल्याकडे दरवर्षी सांगितले जाते. तीच भीती त्यालाही असते. त्यामुळे बोंडे वापरायची तर सरकी काढून नुसते टरफल आणि रुई घ्यावी. पऱ्हाटीची साल पूर्ण सोलावी, काड्या कडकडीत वाळवाव्यात, मग पॉलिथिनच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवाव्यात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नये, नाहीतर आत दव धरते. बांबूला भुंगा लागतो. तट्ट्याखाली पिवळट पीठ पडलेले दिसले की समजावे. विणण्याआधी कांबट्या बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाच टक्के द्रावणात भिजवून सावलीत वाळवल्या तर भुंगा सहसा लागत नाही. हे सगळे केले तरी फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राची, म्हणजे वस्तूत कीड-रोग नसल्याच्या सरकारी दाखल्याची, गरज संपत नाही, ते वेगळे काढावेच लागते.

मातीचा प्रश्न याहून अवघड. युरोपीय संघात बाहेरच्या बहुतेक देशांतून माती आणायला बंदी आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ती परवान्याशिवाय जात नाही. भाजलेली माती चालते, कच्ची अडते. काळी माती बाइंडरमध्ये (रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवात) घोटून रंग म्हणून लावली असेल तर ती रंग धरायची की माती, हे त्या देशाच्या खात्याला कामाचा फोटो पाठवून लेखी विचारून घ्यावे आणि ते उत्तर पेटीसोबत ठेवावे. शिवाय आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. कॅनव्हासवर जाड थर दिला तर प्रवासातल्या हादऱ्यांनी पोपडे सुटतात आणि पेटी उघडल्यावर तळाशी चूर सापडतो. माती वस्त्रगाळ करून, पातळ थर एकावर एक वाळवत, आणि कॅनव्हासऐवजी प्लायवर लावली तर टिकते. मोरपीस तर कामात घेऊच नये, त्याच्या निर्यातीवर आपल्याच देशात बंदी आहे. जुन्या वाड्याचा खांब किंवा तांब्याची भांडी मांडणीत असतील तर 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो: शंभर वर्षांवरची वस्तू बाहेर जात नाही. कोलाजमध्ये सावकारी चोपड्या आणि जुने दस्तऐवज सर्रास चिकटवले जातात. ऐतिहासिक मोल असलेल्या हस्तलिखिताला आणि दस्तऐवजाला तीच मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. शंका असेल तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असे प्रमाणपत्र घ्यावे. म्हणूनच निमंत्रण हातात पडल्यापासून पेटी निघेपर्यंत चार महिने तरी धरावेत.

आता पेटी. गावचा सुतार सुंदर पेटी करतो, पण घरच्या बाभळीच्या किंवा सागाच्या पट्ट्या लावतो. परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पेटीला आयएसपीएम 15 हा लाकडातली कीड रोखण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे: लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटे तापवलेले हवे आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का हवा. शिक्का नसला तर पेटी परत पाठवतात, धुरी देतात किंवा नष्ट करतात. प्लायला हा नियम नाही. तेव्हा 12 मिमी प्लायची पेटी करावी आणि पट्ट्या शिक्क्याच्याच विकत आणाव्यात. झाकणाला खिळे नकोत, स्क्रू हवेत, कारण वाटेत कस्टम ती उघडणार आणि परत जाताना तीच पेटी पुन्हा लागणार. चित्राच्या चारी बाजूंनी दोन इंच फोम धरावा. भरायला तणस कदापि वापरू नये, तेही शेतमालातच मोडते. वर्तमानपत्राचा कागदही नको. उष्णतेत शाई उमटते आणि कागदातले आम्ल रंगाला खाते.

चित्राला थेट प्लास्टिक लावण्याची चूक सर्वांत जास्त होते. ॲक्रेलिक रंग उन्हात मऊ पडतो. एप्रिल-मेमध्ये ट्रकमध्ये पेटी दिवसभर तापली की बबल रॅपचे गोल गोल ठसे रंगात कायमचे उमटतात, मग ते कशाने जात नाहीत. आधी ग्लासिन (गुळगुळीत, रंगाला न चिकटणारा) कागद, मग फोम, बबल रॅप सर्वांत बाहेर आणि त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला. हाच ॲक्रेलिक थंडीत उलट वागतो: पाच अंशांखाली ठिसूळ होतो. तेव्हा हिवाळी प्रदर्शनाला गुंडाळून पाठवलेला कॅनव्हास तिथे पोचल्या पोचल्या उलगडू नये. पेटी बंदच ठेवून 24 तास खोलीत राहू द्यावी. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर आणि नळीचा व्यास निदान 15 सेंटिमीटर असावा. तैलचित्र वरून वाळलेले दिसले तरी आत ओले असते, त्याला सहा महिने द्यावेत.

भाडे वजनावर ठरते असे समजून अंदाजपत्रक चुकते. विमानमालाला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 6000 ने भागतात. कुरिअरवाले 5000 ने. 130 × 100 × 30 ची पेटी 25 किलोची असली तरी विमानमालात 65 किलोचे पैसे पडतात. तीच पेटी 20 सेंटिमीटर खोल केली तर 44 किलोवर येते. चौकटी काढून पाठवण्यात फायदा आहे तो हा.

कागदांपैकी एटीए कार्नेट, म्हणजे परत आणायचा माल तिकडचे शुल्क न भरता तात्पुरता नेऊ देणारा कस्टमचा कागद, सर्वांत उपयोगी. आपल्याकडे ते फिक्की ही उद्योग-व्यापाराची महासंघटना देते, मुदत एक वर्षापर्यंत, आणि तारण ठेवावे लागते. यादीत प्रत्येक कामाचे नाव, माप, वजन, किंमत हवी. जाताना भारतीय कस्टमकडून पिवळ्या पानावर शिक्का घ्यायचा विसरला की परत येताना हे आपलेच चित्र आहे हे सिद्ध करत बसावे लागते. यादीत जितकी कामे तितकीच परत आली पाहिजेत. देवाणघेवाणीत यजमानाला एक चित्र भेट देण्याची पद्धत आहे. ते चित्र कार्नेटच्या यादीत टाकू नये, वेगळ्या कागदांवर न्यावे. विकायचे असेल तरी तेच. विमा भिंतीवरून निघाल्यापासून भिंतीवर परत येईपर्यंतचा हवा, नुसता विमानातला नको. निघण्याआधी प्रत्येक कामाचे समोरून, मागून, चारी कोपऱ्यांचे आणि बाजूने टॉर्च मारून असे फोटो काढावेत. तिरप्या उजेडात जुने उंचवटे, तडे दिसतात, नंतर वाद राहत नाही.

दालनाच्या भिंतींची मापेही मागवून घ्यावीत. सरासरी 90 सेंटिमीटरची वीस चित्रे आणि मध्ये 45 सेंटिमीटर जागा म्हटली तर 27 मीटर भिंत लागते. ती 18 मीटरच निघाली तर तेराच चित्रे मावतात, मग उरलेल्या सात चित्रांचे भाडे कशाला भरायचे? दिवा, आवाज किंवा मोटर असलेले काम असेल तर युरोपात दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट, फक्त प्लग वेगळा. जपानात 100 आणि अमेरिकेत 120, तिथे ट्रान्सफॉर्मर लागतो.

देवाणघेवाण म्हटली की तिकडचा कलावंतही इकडे येणार. त्याची कागदावरची कामे आपल्या सभागृहात ट्यूबलाइटखाली, पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नयेत; कागदाला 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) वर उजेड सोसत नाही. कार्यक्रम मे महिन्यात घेऊच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला काळ. जिल्ह्याच्या ठिकाणी एक खोली, एक आर्द्रतामापक, शिक्क्याच्या पट्ट्यांचा थोडा साठा आणि हे कागद भरून देणारा एक माणूस, एवढी सोय जिल्हा प्रशासनाने करावी ही आमची मागणी आहे.

आपले,
यवतमाळ जिल्ह्यातील काही कलाशिक्षक व चौकट-पॅकिंगचे कारागीर