चीनची परीक्षा आणि आपली पैसेवारी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू म्हणालास, "आम्ही एमपीएससीपायी वर्षं घालवायची आणि आमदाराला शिक्षणाची अटच नाही! चीनमध्ये बघा, लायकीवर माणूस वर जातो." घरात पाहुणे होते, म्हणून तेव्हा मी विषय वाढवला नाही.

तुझं म्हणणं पोकळ नाही. परीक्षा घेऊन अधिकारी नेमायची रीत चीनचीच, पार सुई राजवटीपासूनची. ती १९०५ मध्ये बंद झाली, पण त्याआधी इंग्रजांनी स्पर्धा परीक्षा आणली तेव्हा विलायतेत चीनचेच दाखले दिले जात होते. म्हणजे तुझ्या एमपीएससीचंही मूळ काही अंशी तिकडे निघतं. आजही तिथे २०२४ च्या केंद्रीय भरतीत साधारण ३९,६०० जागांसाठी तीस लाखांवर उमेदवार होते. आणि शिडीही खरी आहे. शी जिनपिंग १९८२ मध्ये चंगतिंग नावाच्या तालुक्यासारख्या भागात गेले, मग फुजियान, चच्यांग, शांघाय करत २०१२ मध्ये सर्वोच्च पदावर पोचले. उलट ब्रिटनने २०२२ या एकाच सालात तीन पंतप्रधान पाहिले. लिझ ट्रस तर ४९ दिवसांत गेल्या. तू त्याला हसतोस. मला त्या ४९ दिवसांचंच कौतुक वाटतं. अर्थसंकल्प अंगलट आला, स्वपक्षीयच उलटले, बाई घरी गेल्या. कुणाला तुरुंगात जावं लागलं नाही.

चीनच्या शिडीवर मार्क देतो तो वरचा. खालच्याचा नाही. मी तहसील कचेरीत आयुष्य काढलंय, त्यामुळे हे मला पुस्तकात वाचावं लागत नाही. पैसेवारी, म्हणजे गावच्या पिकाचा सरकारी अंदाज, लावताना वरून "जरा बघून घ्या" असा निरोप आला की पन्नास पैशांच्या आत, म्हणजे दुष्काळी सवलतींच्या हद्दीत, असलेलं गाव कागदावर पन्नासच्या वर कसं सरकतं, ते मी पाहिलंय. फरक इतकाच, की दुसऱ्या दिवशी शेतकरी कचेरीच्या दारात बसायचे, पेपरात छापून यायचं आणि ज्याच्या शिक्षणावर तू हसतोस तोच आमदार विधानसभेत आरडाओरडा करायचा. मग फेरपाहणी व्हायची. नेहमी नाही, पण व्हायची.

१९५९ मध्ये हेनानमधल्या शिन्यांगला असं कुणी ओरडू शकलं नाही. अधिकाऱ्यांनी पीक फुगवून कळवलं, त्या आकड्यांवर धान्यवसुली झाली, मदत मागणारी पत्रं टपालातच अडवली गेली. सरकारी कोठारांत धान्य असताना त्या एका भागात दहा लाखांच्या आसपास माणसं मेल्याचा अंदाज आहे. त्याच वर्षी माओंना पत्र लिहून शंका काढणारे संरक्षणमंत्री फंग तेहुआय यांचं पद गेलं.

तू म्हणशील, ते माओंचं राज्य, तेव्हा कुठली गुणवत्ता. ठीक. मग वुहान घे. डॉ. ली वनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ ला डॉक्टर मित्रांना नव्या आजाराबद्दल (पुढचा कोरोना) सावध केलं आणि ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांच्याकडून "अफवा" पसरवल्याच्या समजपत्रावर सही घेतली. पुढे वुहानच्या महापौरांनी टीव्हीवर सांगितलं, की वरून परवानगी मिळाल्याशिवाय आम्हाला माहिती जाहीर करता येत नाही. हा गृहस्थ काही बिनडोक नव्हता. शिडी चढूनच आलेला. समजपत्र मागे घेतलं गेलं ते मार्चमध्ये, बीजिंगहून चौकशी आल्यावर. डॉक्टर ७ फेब्रुवारीलाच गेले होते.

आणि शिडीच्या टोकावरच्या माणसाची परीक्षा कोण घेतो? २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा काढली, तेव्हा २,९५८ मतं बाजूने पडली आणि दोन विरोधात. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगाच्या खर्चालासुद्धा याहून जास्त विरोध होतो.

रेल्वे त्यांनी आपल्यापेक्षा चांगली बांधली, हे मी अगोदरच मान्य करून टाकतो, म्हणजे उत्तरात तुला ते लिहावं लागणार नाही. बाकीचं लिही. मेसचे पैसे पाठवले आहेत. आई आठवण काढते.

तुझा,
बाबा