आरोग्य समिती सह्यांपुरती नको

मा. संपादक,
स. न.

सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक मोहिमेत लोकसहभागाचा उल्लेख हमखास असतो; आमच्या गावात मात्र ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची बैठक बहुधा इतिवृत्ताची वही सह्यांसाठी घरोघर फिरवूनच ‘पार पडते’. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात गावानेच निवडलेल्या, पुष्कळशा निरक्षर असलेल्या स्त्रिया प्रशिक्षण घेऊन बाळंतपण, मुलांचे जुलाब आणि कुपोषण यांकडे स्वतः लक्ष देऊ लागल्या, तर शेतकरी मंडळे व महिला मंडळे पाण्याचे आणि स्वच्छतेचे प्रश्न हाती घेऊ लागली. अन्न आणि पाणी आधी, दवाखाना नंतर, हा क्रमही लोकांनीच सांगितलेला होता. आज तो विचारतो कोण?

समितीचा निधी कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि बैठक संध्याकाळी, मजुरीवरून बायका परतल्यावर घ्यावी, एवढीच विनंती आहे. दुपारी बाराला बोलावलेल्या बैठकीला खुरपणीला गेलेली बाई येणार तरी कशी?

– एक शेतकरी वाचक, जि. बीड