वैशू, अटलांटाला निघण्याआधी हे वाच

प्रिय वैशू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला आणि लगेच ह्यांना पण ऐकवला. तुझ्या सानूला सातवा महिना लागला, वा! डिंक, खारीक, अहळीव, बाळंतशेपा सगळं मी इथल्या सियागंज बाजारातून आणून ठेवते, तू तिकडे दुकानं शोधत फिरू नकोस, कस्टमवाल्यांशी काय बोलायचं ते तुझं तू बघ.

पण शेवटी तू जे म्हणालीस ना, "अमेरिका आहे गं, तिकडे बाळंतपणाची कसली काळजी", त्यावर मला बोलायचंय, आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून हे लिहितेय. लेबर रूममध्ये जन्म गेला माझा, तेवढा हक्क आहे.

अमेरिकेत 2023 साली बाळंतपणापायी दर लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या आया 14.5 गेल्या आणि काळ्या आया 50.3. देश तोच, मशिनी त्याच. त्यांची सरकारी आरोग्य संस्था सीडीसीच सांगते की असले 80 टक्क्यांहून जास्त मृत्यू टाळता आले असते, आणि निम्म्याहून जास्त मृत्यू बाळ होऊन आठवडा उलटल्यावर पुढच्या वर्षभरात होतात, म्हणजे पेढे वाटून झाल्यावर. टेनिसवाल्या सेरेना विल्यम्सचं माहितीये ना? 2017 मध्ये सिझर झालं, दुसऱ्या दिवशी दम लागला, तिला आधी फुप्फुसात रक्ताच्या गाठी झालेल्या होत्या म्हणून तिने स्वतःच सांगितलं की सीटी स्कॅन करा, रक्ताच्या गाठींवरचं हेपॅरिन लावा, तर नर्सला वाटलं औषधाने गोंधळलीये. आधी पायांची सोनोग्राफी केली, मग सीटी, आणि गाठी निघाल्याच. एवढी मोठी खेळाडू, पैशाला तोटा नाही, तरी पहिल्या झटक्यात तिचं कोणी ऐकलं नाही, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलीस.

आणि आपल्याकडचं तर काय सांगू. 2018-20 चे दर लाख जन्मांमागे आया गेल्याचे सरकारी आकडे बघ, केरळ 19, महाराष्ट्र 33, आणि आपलं मध्यप्रदेश 173. त्यातही इंदूरची बाई आणि अलीराजपूरच्या आदिवासी फळियातली, म्हणजे पाड्यातली बाई ह्या दोघी त्या 173 मध्ये एकत्र कोंबलेल्या, मग खरं कुठे काय चाललंय ते कळणार कसं! बडवानीच्या जिल्हा रुग्णालयात 2010 मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर एवढ्यात 27 आया गेल्या, लोक रस्त्यावर आले तेव्हा कुठे बाहेरच्यांनी येऊन चौकशी केली. हायकोर्टाच्या आपल्या इंदूर खंडपीठानेच 2012 मध्ये निकाल दिलाय की बाळंतपणात बाईचा जीव वाचणं हा घटनेच्या कलम 21 खालचा, जगण्याचा हक्क आहे. निकाल चांगलाच आहे गं, पण रात्री दोन वाजता रेफर होऊन आलेल्या बाईच्या हातात निकाल नसतो, चिठ्ठ्या असतात.

त्या चिठ्ठ्यांचंच सांगते. एक भिलाला आदिवासी पोरगी आली होती, वीसची पण नसेल, जीपमधून, तीन ठिकाणांहून पुढे ढकललेली. नवऱ्याच्या मुठीत घामाने ओल्या झालेल्या तीन चिठ्ठ्या, आणि तिन्हीवर बीपी 120/80. मी पट्टा बांधला तर 180 च्या वर. तोंड सुजलेलं, पापणी ओढली तर पांढरीफटक, डोळ्यापुढे काजवे चमकतात असं ती तिच्या बोलीत सांगत होती आणि सोबतची सासू म्हणे सकाळपासून हेच बोलतेय. तीन ठिकाणी कोणी तिच्या दंडाला हात पण लावला नव्हता, आकडा नुसता लिहिला होता! झटके रोखणारं मॅगसल्फ लावलं, झटके यायच्या आत, वाचली. माझा राग अजून गेलेला नाही. तीच शहरातली, नीट साडीतली, इंग्रजीत प्रश्न विचारणारी असती तर पहिल्याच ठिकाणी पट्टा बांधला असता, हे मी कोणासमोरही म्हणेन. गरिबी, रक्त कमी, रस्ता लांब हे सगळं आहेच, पण त्याच्यावर हा कळस.

रक्तस्रावाचं पण तसंच. आम्ही वर्षानुवर्षं नुसतं बघून सांगायचो, "नॉर्मलच आहे". आता बाईच्या खाली मापाचे आकडे छापलेली प्लास्टिकची पिशवी लावतात. केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिकेतल्या 80 दवाखान्यांत हे करून बघितलं, 2023 मध्ये छापून आलं. डोळ्यांच्या अंदाजाने निम्म्याच केसेस पकडल्या जायच्या, पिशवीने 93 टक्के. आणि पकडलं की पोटावरून गर्भाशयाला मसाज, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सा, सलाईन सगळं एकदमच, एकेक करून वाट बघायची नाही. एका पिशवीने एवढा फरक! फक्त ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीतच ठेवायचं असतं, आणि आमच्याकडे त्या फ्रिजमध्ये कोणाकोणाचे डबे असायचे ते विचारू नकोस.

आता तुझ्या घरचं. आपण मराठी लोक ओल्या बाळंतिणीचं किती करतो, शेक, धुरी, कान बांधणं, सव्वा महिना बाहेर पडू द्यायचं नाही, आणि बीपी? शून्य! सगळी बाळाच्या भोवती, नाक कोणावर गेलंय ते बघत. आमच्या मालूच्या सुनेचं आठव्या दिवशी डोकं ठणकत होतं, घरी सगळ्या म्हणाल्या जागरण झालंय, वारं लागलंय. मी बारशाची साडी द्यायला म्हणून सुदामानगरला गेले होते, मशीन पर्समध्ये असतंच, 170/110 निघालं. तशीच गाडीत घातली. गरोदरपणात बीपी अगदी चांगलं असलं तरी नंतर सहा आठवड्यांपर्यंत चढू शकतं, हे आपल्या शिकलेल्या घरांमध्येही कोणाला माहीत नसतं.

म्हणून तू तिकडे नुसती लाडू वळत बसू नकोस. रोज सानूचं बीपी घे, वहीत लिही. 140/90 च्या वर गेलं तर त्यांच्या डॉक्टरला फोन, 160/110 असेल तर सरळ इमर्जन्सी. डोकं थांबेना, डोळ्यापुढे चमकतंय, दम लागतोय, एक पिंढरी सुजून दुखतेय, तासाभरात पॅड भिजतंय, ताप आहे, किंवा "आई मला कसंतरीच होतंय" एवढं जरी म्हणाली तरी आराम कर म्हणू नकोस, उठ आणि जा. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य हेच, की हिचं बाळंतपण होऊन इतके दिवस झालेत, कारण बाळ सोबत नसेल तर त्यांना कळत नाही. तुझ्या इंग्रजीला लाजू नकोस, जावयाकडूनही ते वाक्य पाठ करून घे. रात्रीचं रडू, झोप नाही, बाळाकडे बघवत नाही असं काही दिसलं तरी तेवढंच गंभीर, "आम्ही नाही का केलं" हे वाक्य विमानात बसायच्या आधीच सोडून दे.

आणि हो, मशीन दंडाचं घे, मनगटाचं नको. घेतलंस की पट्ट्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, सानूचा दंड जरा भरलेला आहे, साइज लहान असला तर आकडा उगाच जास्त दाखवेल. अहळीव किती पाठवू ते पण कळव, अर्धा किलो पुरेल का?

तुझीच,
नलू