मंत्री महोदय, आम्हाला स्टॅबिलायझर नको, फेज वाटून द्या

मा. वस्त्रोद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात मी वायरमन आहे. परवा कमी व्होल्टेजने आणखी एका मागाची मोटार जळाली. डीपीचं, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं काम उन्हाळ्याआधी करू, असा शब्द बैठकीत दिला होता. उन्हाळा सरत आला आणि काल वीज कार्यालयाचं पत्र आलं, कारखानदारांनी स्वखर्चाने स्टॅबिलायझर बसवावेत!

साहेब, दुखणं काय आणि औषध काय? संध्याकाळी गल्लीतले कूलर चालू झाले की आमच्या डीपीच्या तीन फेजपैकी, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी, एकच फेज बसतो, त्याचं व्होल्टेज पडतं. बाकीचे दोन ठीक असतात. मी मीटर लावून वहीत सगळं लिहून ठेवलंय. घरांची बहुतेक कनेक्शनं त्या एकाच फेजवर आहेत, ती तिन्हींवर वाटायची. नवी डीपी नको, नवी केबल नको. खांबावर चढणारी दोन माणसं दिली तर माझ्या हिशोबाने अर्ध्या दिवसाचं काम आहे. स्टॅबिलायझर मात्र कमी व्होल्टेज भरून काढायला लाइनीतून जास्त करंट ओढतो, म्हणजे शेजाऱ्यांचं व्होल्टेज आणखी पडणार.

तिन्ही फेज सारखे 10 टक्के पडले तरी मोटारीचा जोर 19 टक्के घटतो. एकच पडला तर त्याहून वाईट, करंट वेडावाकडा होतो आणि वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, तापून जातं. 240 व्होल्टवर 6 टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही, असा नियम आहे. आमच्याकडे काटा दोनशेच्या खाली येतो. नियम कुणासाठी केलेत मग?

मोटार जळाली की शिव्या मी खायच्या आणि रिवाइंडिंगचे पैसेही माझ्याच पगारातून जायचे. माग थांबला की विणकराची मजुरी थांबते, तोही माझ्याकडेच बघतो. पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्याच्या उकाड्यात, रात्र रात्र मी मोटारी खोलत बसलोय. गेल्या महिन्याचा किराणा बायकोने वळलेल्या विड्यांवर आला.

ही वही मी कार्यालयात नेली तर कुणी उघडूनही पाहिली नाही. आयटीआय झालेल्या माणसाचं काय ऐकायचं! लाखांचं टेंडर असतं तर फाइल पळाली असती. फुकटात होणाऱ्या कामाला तुमच्या राज्यात सही मिळत नाही. 1877 ला जुनी गिरणी सुरू झाली, तेव्हापासून हे शहर कापडावर जगतंय. गिरण्या बुडाल्या तेव्हाही असेच कागद फिरत होते आणि आमचे बाप दारात उभे होते. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे. ते विणायला धड वीज मात्र नाही.

ऊर्जा खात्याशी तुम्ही स्वतः बोला. ते स्टॅबिलायझरचं पत्र मागे घ्यायला लावा आणि संध्याकाळी सात वाजता, कूलर चालू असताना, डीपीवर माणूस पाठवा. दुपारी पाठवू नका, दुपारी तिन्ही फेज सरळ दिसतात.

आपला,
एक यंत्रमाग वायरमन,
पूर्व भाग, सोलापूर