हाताचे काम आणि खुर्चीचा मान

महोदय,

१९८२च्या गिरणी संपापर्यंत कोकणातली कित्येक घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालत, आणि तरीही लग्नाच्या बाजारात गिरणी कामगारापेक्षा कचेरीतला कारकूनच वरचढ ठरे. आज मात्र ही उतरंड कामाच्या स्वरूपावरून लावता येत नाही. मिरकरवाडा बंदरातला तांडेल (मासेमारी होडीचा प्रमुख) जीपीएस आणि फिश फाइंडरचा पडदा वाचून जाळे टाकतो, तर हापूसचा बागायतदार सकाळी झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबा उतरवतो आणि दुपारी मोबाइलवरच्या ऑर्डरी, पेट्यांचे हिशेब व २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची कागदपत्रे पाहतो. उलट, कंत्राटावरचा डेटा एंट्री ऑपरेटर दिवसभर तेच ते आकडे भरतो. त्याला बुद्धिजीवी म्हणायचे ते केवळ पंख्याखाली बसतो म्हणून. तरीही वधूपित्याला ‘नोकरीवालाच’ हवा असतो (पगार विचारण्याआधीच!).

मात्र हाताचे काम आणि बुद्धीचे काम यांतली रेषा पुसट झाल्याचे कौतुक करताना, ती प्रामुख्याने ज्यांच्या नावावर होडी किंवा बाग आहे त्यांच्यासाठीच पुसट झाली आहे, हे नोंदवणे भाग आहे. त्याच होडीवर जाळे ओढणाऱ्या नेपाळी खलाशाच्या वाट्याला ना तो पडदा येतो, ना भविष्यनिर्वाह निधी.

– एक वाचक, रत्नागिरी