वेताळ टेकडी जपणाऱ्यांचे मनापासून आभार

पुण्यात राहून रविवारी सकाळी आई-बाबांना आणि मुलांना घेऊन वेताळ टेकडीवर जाता येतं, ही आमची चैन आहे. ती ज्यांच्यामुळे टिकली, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, म्हणून इथेच आभार मानते.

ऐन एप्रिलात पाच लिटरचे कॅन खांद्यावरून वर नेणारे काका-काकू, तुम्ही रोपाच्या आळ्यात पाणी एकदम ओतत नाही, धार धरता. माती पाणी पिईपर्यंत थांबता. माझी लेक तुमच्याकडूनच ते शिकली, आता घरच्या कुंड्यांनाही तसंच घालते. वाळलेलं गवत पेटलं की हिरव्या फांद्या घेऊन धावणारी पोरं, आणि दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्या पोत्यात भरून खाली आणणारे सगळे, तुमचेही आभार.

माझं मत स्पष्ट आहे: बालभारती ते पौड फाटा हा प्रस्तावित रस्ता टेकडी कापून होऊ नये. वाहतूक कोंडीचा त्रास मीही रोज सोसते, पण त्यावर आधी भरपूर बसगाड्या आणि चालण्याजोगे पदपथ हवेत. टेकडीवर पडलेला पाऊस खडकांच्या भेगांतून मुरतो आणि भूजल भरतो. तो उतार एकदा फोडला की पुन्हा जोडता येत नाही. नकाशे पसरून, न चिडता, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हे समजावणाऱ्या कार्यकर्त्यांनो, माझ्या बाबांचं मत तुम्हीच बदललंत. पुढच्या मोर्चाला आम्ही सहकुटुंब येतोय.